जागा : एक

जाहिरातीत होतं : भौतिक रसायनशास्त्र, सहायक प्राध्यापक,
जागा : एक.
अर्ज सतरा. बोलावले नऊ. आले सहा.
मी खुर्च्या आठ मांडल्या,
कुणाबरोबर आई येते, कुणाबरोबर तान्हं.

नांदेडचा मुलगा रात्रभर बसमध्ये बसून घणसोलीला उतरला,
प्रयोगशाळेच्या बेसिनवर दाढी केली.
आरसा नव्हता, मी कपाटाची काच सरकवून दिली.
नळाला पाणी नव्हतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटर पुढे केलं
तर म्हणाला, मामा, हे नका वाया घालवू.
तोंडाला फेस तसाच.
तिथेच मला तो आवडला.

महापेच्या औषध कंपनीतले एक गृहस्थ,
पगार निम्म्यावर येईल, तरी यायचंय म्हणत होते.
कारण कुणी विचारलं नाही.

आणि डोळस मॅडम.
त्या बाहेरून आल्याच नाहीत,
बारा नंबरच्या खोलीतून उठून आल्या,
बोटांना खडू, एस.वाय.चं प्रॅक्टिकल अर्धं टाकून.
नऊ वर्षं तासिका तत्त्वावर.
मे महिन्यात तासिका नसते,
तत्त्व तेवढं उरतं.

समितीनं नमुना तास घ्यायला लावला.
साहेब लोक मुलांच्या बाकांवर बसले,
अध्यक्षांना पाय बाहेर काढून तिरकं बसावं लागलं.
मी दाराशी, पाण्याचा ट्रे धरून.
कोल्हापूरहून आलेल्या विषयतज्ज्ञांनी सगळ्यांना एकच विचारलं :
द्रावण अतिसंपृक्त आहे. तरी स्फटिक का पडत नाही?
नांदेडच्या मुलानं फळाभर समीकरण मांडलं. बरोबर असावं,
साहेबांची मान हलत होती.
मॅडम जरा खिडकीकडे बघत राहिल्या.
म्हणाल्या, पडायचंच असतं त्याला, सर.
पहिला कण कोण होणार, तिथे अडतं.
बाहेरून चिमूटभर टाका, मग ते कुणाचं ऐकत नाही.

मला ट्रे खाली ठेवावा लागला.

ती खिडकी उघडते तिथे आमचं मिठागर होतं.
म्हणजे आता पार्किंग आहे तिथे,
मागची भिंत बरोबर बांधावर आलीय.
बाबा वाफ्यात बोटं बुडवायचा, अंगठ्याशी चोळायचा,
मी काही विचारलं की म्हणायचा,
बोलू नको, पानी आयक.
मग फडक्यातलं गेल्या सालचं मीठ मूठभर
पेरल्यासारखं भिरकवायचा.
सिडकोनं जागा घेतली आणि जागा दिली.
एक सातबारा गेला, एक प्रयोगशाळा परिचर आला,
प्रकल्पग्रस्त कोट्यातून. बत्तीस वर्षं झाली.
कंडक्टिव्हिटी मीटर बिघडला तर मला हाक मारतात.
बाबाची मुलाखत कुणी घेतली नाही.
घेतली असती तर त्याच्या अंगठ्याला
किती गुण, कोणत्या रकान्यात, कोण जाणे.

चहा तेवीस कप. व्हाउचरवर सही माझी.
सहा वाजता लिफाफा चिकटवला.
हेडक्लार्क गावंड जिन्यात भेटले, म्हणाले,
योग्य उमेदवार आढळला नाही, असं काहीतरी येईल बघ.
मग म्हणाले, किंवा रोस्टर परत तपासायला जाईल.
मग म्हणाले, मी काही बोललो नाही.
नांदेडच्या मुलाची दाढीची ब्लेड बेसिनवर राहिली होती,
कागदात गुंडाळून ठेवलीय. येईल तेव्हा येईल.

सोमवारी साडेसातला मॅडम हजर. मस्टर वेगळं, शेवटच्या पानाचं.
शनिवारचं ते अर्धं प्रॅक्टिकल,
बीकर मी ताटलीनं झाकून ठेवला होता,
हलवू नका म्हणाल्या होत्या.
हललं नव्हतं.
तळाशी काही नाही, नुसतं नितळ,
कुणालाही पाणीच वाटावं असं.
मुलं भोवती वाकून उभी.
मामा, काचकांडी द्या, त्या म्हणाल्या.

माझ्या हातातच होती,
तरी मी कपाटात शोधत राहिलो.